एका रविवारची किंमत

मुलांनो, गणिताच्या तासाला वर्गात भांडण होतं, हे तुम्हाला खरं वाटेल? आमच्या पुंडलिकनगरच्या शाळेत चौथीच्या वर्गात झालं. आणि भांडण कशावरून, तर रविवारवरून!

झालं असं. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं. एका कामगाराला महिन्याला १५,६०० रुपये पगार आहे. महिन्यात २६ दिवस काम. तर एका दिवसाची मजुरी किती? सोपं होतं. ६०० रुपये. पुढे विचारलं, रोज आठ तास काम, तर तासाला किती? ७५ रुपये. मग मी म्हटलं, "तो रविवारीही आठ तास कामावर गेला, तर जास्तीचे किती मिळतील?" बऱ्याच पाट्यांवर ६०० आलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "मॅडम, चुकलं. रविवारचे डबल धरायचे असतात. बाराशे."

उत्तर त्याचंच बरोबर होतं, बरं का. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम केलं तर जास्तीच्या तासांना दुप्पट मजुरी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलेलं होतं. पुढे आलेल्या नव्या कायद्यानेही ते दुप्पटच ठेवलं. पण चौथीतल्या पोराला हे कसं ठाऊक? मी विचारलं, तर म्हणाला, "पप्पा जातात ना रविवारी."

"मग घरी कधी असतात?"

"असतात की मॅडम. झोपलेले असतात."

सगळा वर्ग हसला. तोही हसला. मी मात्र हसले नाही. मला त्या घरातली दुपार दिसली. खिडकीला चादर लावलेली, टीव्हीचा आवाज बंद, आणि आईचं एकसारखं "हळू बोल रे, पप्पा रात्रपाळी करून आलेत." पुंडलिकनगरात अशा दुपारी बऱ्याच घरांत असतात. आमच्याकडे छोट्या छोट्या प्लॉटांवर घरं आहेत, वरची खोली भाड्याने दिलेली, खाली मालक. यातले किती तरी जण वाळूजला नाहीतर चिकलठाण्याला एमआयडीसीत कामाला जातात. वाळूज म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. आठ तासांच्या कामाला जाऊन-येऊन दहा तास सहज मोडतात. हे वरचे दोन तास कुठल्याच हिशोबात नसतात, फळ्यावरच्यासुद्धा नाही.

आता तुम्हाला एक प्रश्न. रविवारची सुट्टी कुणी दिली? आमच्या वर्गात उत्तरं आली ती अशी : सरकारनं, इंग्रजांनी, देवानं. एक जण म्हणाली, "मुख्याध्यापकांनी."

ऐका तर. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत कापडगिरण्या जोरात सुरू झाल्या होत्या. गिरणी सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं! दर आठवड्याला ठरलेली सुट्टी म्हणून नाही. तुमच्या वयाची मुलंसुद्धा तिथे कामाला असत. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, त्याने काय ठरवलं माहीत आहे? सात वर्षांच्या आतल्या मुलांना कामावर घ्यायचं नाही. आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. नऊ तास! आपली शाळा किती तास असते, मोजा जरा. या मुलांना महिन्यात चार सुट्ट्याही त्या कायद्याने दिल्या. मोठ्यांना मात्र एकही नाही. म्हणजे मुलगा घरी आणि आई-बाप गिरणीत, अशी सुट्टी.

त्या वेळी नारायण मेघाजी लोखंडे नावाचे एक गृहस्थ होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते. स्वतः गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलेले, त्यामुळे आतलं सगळं पाहिलेले. पुढे ते 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र चालवू लागले. १८८४ साली त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या.

या अर्जात काय होतं, ते मी मुलांना ओळखायला सांगितलं. सगळे एका सुरात ओरडले, "पगार वाढवा!"

गंमत इथेच आहे. पगार वाढवा, हे कलम त्यात नव्हतंच. पहिली मागणी होती, दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. चौथी मागणी पैशांची होती, पण कशी, तर महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात द्या. आणि पाचवी, कामावर जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पगार चालू ठेवा, कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय करा.

मला हा अर्ज फार आवडतो. कारण ती माणसं काही पैशांना तुच्छ मानणारी नव्हती. पगार वेळेवर आला नाही की वाण्याची उधारी वाढते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. पण ज्यांच्याजवळ पैसा थोडाच होता, त्यांनी सगळ्यांत आधी एक दिवस मागितला, याचा विचार करा. रविवारच का? तर रविवार हा खंडोबाचा वार, असंही लोखंड्यांनी सांगितलं होतं म्हणतात.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार बायकांनी भाषणं केली. त्या काळात, दहा हजार माणसांसमोर! मला तर आपल्या शाळेच्या पालकसभेत बोलताना घाम फुटतो. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, आठवड्याची सुट्टी कायद्यातही आली. २००५ साली लोखंड्यांचं टपाल तिकीट निघालं. तिकिटं जमवणाऱ्यांनी शोधून पाहा.

हे सगळं ऐकल्यावर मला वाटलं, आता मुलं म्हणतील, रविवारी कामावर जायचंच नाही. मीही तुमच्यासारखीच भोळी! भांडण तर इथेच सुरू झालं.

"बाराशे म्हणजे माझ्या ट्यूशनची दोन महिन्यांची फी," एक जण म्हणाली. दुसऱ्याने वर्षाचा हिशोब मांडला. ५२ रविवार गुणिले १,२०० म्हणजे ६२,४०० रुपये. अगदी चार महिन्यांचा पगार! (तसं दर रविवारी बोलावता येत नाही, बदली सुट्टी द्यावी लागते. पण गणितापुरतं चालवून घेतलं.) "मॅडम, एवढ्यात जुनी मोटारसायकल येते," तो म्हणाला. लगेच शेजारचा म्हणाला, "आणि ती चालवायला पप्पांना वेळ कधी?" मग दोघांची जुंपली.

एक मुलगी नेहमी गप्प असते. ती म्हणाली, "आमच्या पप्पांना डबल नाही मिळत. ते मिस्त्रीच्या हाताखाली जातात. ज्या दिवशी घरी, त्या दिवशी पैसेच नाहीत." वर्ग गप्प झाला. खरंच आहे तिचं. लोखंड्यांचा रविवार तिच्या घरापर्यंत अजून पोहोचलेला नाही. आणि आईच्या रविवारचं तर बोलायलाच नको. त्या दिवशी पाणी आलं तर आठवड्याचं धुणं, सगळे घरात म्हणून दोन वेळा जास्त चहा, शिवाय फर्माईश वेगळीच.

मग एकाने एकदम विचारलं, "मॅडम, पुंडलिकानं तर देवालाच विटेवर थांबवलं ना, आई-वडिलांचे पाय दाबायचे होते म्हणून?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "देव थांबतो. कंपनीची बस नाही थांबत."

यावर मी काय बोलणार?

तुम्ही म्हणाल, बाई, तुमचं मत काय? सांगते. पण त्यासाठी घरची गोष्ट सांगावी लागेल. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, असेच एका कंपनीत होते. ओव्हरटाइम कधी सोडायचे नाहीत. त्याचे पैसे ते पगारात मिसळत नसत, पेटीत वेगळे ठेवत. मी सातवीत असताना स्नेहसंमेलनात जिजाऊ झाले होते. अण्णा येतो म्हणाले होते. आले तेव्हा शिपाईकाका खुर्च्या आवरत होते. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढे बारावीनंतर डीएडला नंबर लागला, तेव्हा फी भरायला अण्णांनी तीच पेटी उघडली. आज मी फळ्यासमोर उभी आहे, ती त्या पेटीतल्या रविवारांवर.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या शाळेतल्या एकाही मैत्रिणीचं नाव अण्णांना आठवत नाही. मला सायकल यायला लागली ती कुणी शिकवली, विचारलं तर म्हणतात, "मीच असेन." नव्हते ते. शेजारच्या काकांनी शिकवली. आता निवृत्त झालेत, तरी रविवारी पहाटे पाचला उठून तयार होतात आणि मग ओट्यावर नुसते बसून राहतात.

त्या गणिताच्या दिवशी घरी गेल्यावर मी त्यांना विचारलंच, "अण्णा, तेव्हा वर्षाकाठी चार रविवार कमी केले असते, तर भागलं नसतं का?"

त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "भागलं असतं. पण कोणते चार? तेव्हा कळत नाही ना, कोणते."

माझं मत विचाराल तर एवढंच आहे. पैसे लागतात, आणि घरात ते कमी असले की कसं होतं हे मी पाहिलंय, म्हणून "पैशाला काय महत्त्व" असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण पेटीत जसे पैसे बाजूला काढतात, तसे चार दिवसही आधीच बाजूला काढावेत. उरले तर बघू म्हटलं की उरत नाहीत. आणि कोणते चार, हे मोठ्यांना ठरवता येत नसेल तर मुलांना विचारावं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गात कॅलेंडरची पानं वाटली आणि म्हटलं, घरी विचारून नाही, स्वतःच्या मनाने एक रविवार निवडा आणि त्याला गोल करा. कुणी वाढदिवसाजवळचा निवडला, कुणी कर्णपुऱ्याच्या जत्रेतला. मिस्त्रीच्या हाताखाली जाणाऱ्या वडिलांच्या मुलीने पावसाळ्यातला निवडला. "तेव्हा तसंही काम कमी असतं," म्हणाली. बघा, किती विचार!

शेवटी मागच्या बाकावरचा तो बाराशेवाला पान घेऊन आला. त्याने ज्या तारखेला गोल केला होता, तिथे सण नव्हता, जत्रा नव्हती, काहीच नव्हतं.

"या दिवशी काय आहे रे?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम," तो म्हणाला, "सणाला पाहुणे असतात."