आधी ओळख, मग हात!



परवा मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतल्या एका मुलानं मूठ उघडून मला एक पितळी पुंगळी दाखवली. भंगाराच्या ढिगात सापडलेली. म्हणाला, “बाई, ही मावळ्यांच्या बंदुकीतली आहे का हो?”

चौथीला शिवरायांचा इतिहास असतो ना! मी ती उलटसुलट करून पाहिली, सगळ्या वर्गाला दाखवली आणि टेबलावर ठेवली.

शाळा सुटल्यावर एका मुलीचे आजोबा तिला न्यायला आले. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. १८६९ सालचा हा जुना कारखाना! त्यांनी पुंगळी पाहिली मात्र, गंभीर झाले. “बाई, तळाची ही बारीक टिकली पाहा. तिच्यावर खड्डा नाही, म्हणजे ती उडालेली नाही. पुंगळी रिकामी, पण टिकली जिवंत! ठोकली असती तर डोळा गेला असता एखाद्याचा.”

माझ्या तर अंगाला कापरंच भरलं. आम्ही लगेच पोलिसांना कळवलं, ते येऊन घेऊन गेले. चूक माझीच होती. ओळख नसताना मी हात लावला आणि मुलांनाही लावू दिला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. मावळ्यांच्या काळी धातूचं काडतूस नव्हतंच! बंदुका ठासणीच्या. तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजानं ठासायची, मग तोड्यानं, म्हणजे जळत्या वातीनं बत्ती द्यायची. पुढे एकोणिसाव्या शतकात टोपी आली. तांब्याची इवलीशी टोपी, आत स्फोटक. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी!

ब्रिटिश फौजेनं १८५६ साली घेतलेलं ‘बोमाँट-अ‍ॅडम्स’ रिव्हॉल्वर असंच टोपीचं होतं. फिरत्या चक्रात पाच घरं. प्रत्येक घरात दारू, गोळी आणि मागे टोपी! १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांकडे अशी रिव्हॉल्वरं होती. पाच बार झाले, की पुन्हा भरायला केवढा वेळ जाई, विचार करा.

मग धातूचं काडतूस आलं. दारू, गोळी आणि टिकली, सगळं एकाच पुंगळीत. आता जुन्या रिव्हॉल्वरांचं काय करायचं? टाकून दिली नाहीत बरं का! १८६८ पासून त्यांतली बरीच बदलून घेतली. मागून काडतूस घालता येईल असं नवं चक्र बसवलं, भरण्यासाठी बाजूला छोटं दार केलं, रिकामी पुंगळी ढकलायला एक दांडी लावली. आपण जुन्या सायकलला नवं चाक बसवतो ना, तसंच.

संग्राहकांना अशा रिव्हॉल्वरांचं फार अप्रूप असतं, कारण एकाच वस्तूत दोन काळ दिसतात. नवा भाग कुठे जोडलाय, त्यावरचे आकडे आणि शिक्के काय सांगतात, ते भिंग घेऊन वाचतात. घासून चकचकीत मात्र करत नाहीत, कारण त्यात खुणा पुसल्या जातात.

पण हा छंद तुमचा-आमचा नव्हे हं! १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट शस्त्राला त्यातून सूट आहे. पण ते आपलं आपण ठरवायचं नाही. आणि जी बदलून काडतुसाची केली, ती तर जुनी दिसली तरी चालूही शकते!

मग पाहायचं कुठे? पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी जन्मभर वस्तू गोळा केल्या, आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं आणि सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तिथे जुनी शस्त्रंही आहेत. आईबाबांबरोबर जा, काचेला नाक लावून पाहा.

आणि हो, रस्त्यात, शेतात, भंगारात पुंगळी दिसली तर? उचलायची नाही, ठोकायची नाही, खिशात तर मुळीच घालायची नाही. जागा लक्षात ठेवा आणि मोठ्यांना सांगा. मोठ्यांनीही तिला हात न लावता ११२ वर फोन करून पोलिसांना कळवायचं.

आमच्या वर्गात आता फळ्याच्या कोपऱ्यात एक वाक्य कायमचं लिहिलंय, ‘आधी ओळख, मग हात!’ ते पहिल्यांदा बाईंनीच पाठ केलंय.

तुमच्या लाडक्या बाई