हार्मोनचा धडा आणि आपली नोंदवही

सन २००२ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचा एक विभाग मुदतीपूर्वी थांबविल्याची घोषणा झाली, तेव्हा आम्ही बी.ए.एम.एस.च्या अंतिम टप्प्यात होतो. वसतिगृहात वार्ता पोहोचताच आम्हा विद्यार्थ्यांना हर्ष झाला. आधुनिकांचे हार्मोन हरले, आता शतावरीचा काळ आला, असे आम्ही बोललो. आज व्यवसायात वीस वर्षे काढल्यावर त्या हर्षाची आम्हांस लाज वाटते. ती का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

रजोनिवृत्तीनंतर उणे पडणारे इस्ट्रोजेन बाहेरून देण्याचा प्रघात अमेरिकेत १९४० च्या दशकात सुरू झाला. १९७५ मध्ये केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसले, म्हणून गर्भाशय शाबूत असलेल्यांना सोबत प्रोजेस्टिन देण्यात येऊ लागले. पुढे गरम वाफांपुरते असलेले हे औषध हृदयाच्या रक्षणासाठीही लिहिले जाऊ लागले. आधार होता निरीक्षणाचा : गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असे अनेक पाहण्यांत आढळले होते. परंतु गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बहुधा मुळातच अधिक निरोगी, सुस्थितीतील व प्रकृतीला जपणाऱ्या होत्या, याचा पुरेसा हिशोब कोणी धरला नव्हता.

वरील चाचणीत गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रियांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले होते. सरासरी वय ६३. एका गटास संयुक्त हार्मोन, दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषध गोळी. निष्कर्ष असा की, वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाचे कर्करोग ८, हृदयविकार ७, पक्षाघात ८ आणि फुप्फुसातील रक्तगुठळ्या ८ अधिक. उलट खुब्याचे अस्थिभंग ५ आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ कमी. म्हणजे हृदयाचे रक्षण होते ही धारणाच ढासळली.

मात्र जगाने या आकड्यांचाही अतिरेक केला. रजोनिवृत्ती नुकतीच झालेल्या, साठीच्या आतील स्त्रियांत लाभहानीचे पारडे निराळे असते, हे पुढील विश्लेषणांतून दिसले. गरम वाफांवर हार्मोन आजही सर्वांत प्रभावी मानले जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील इशाऱ्याच्या चौकटीतील बराचसा मजकूर काढण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा आमचा तो विजयोत्सव अर्धवट ज्ञानावर उभा होता, हे मान्य केलेले बरे.

या प्रकरणातील आणखी एक भाग आपल्याशी थेट निगडित आहे. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर ‘विस्डम’ नावाची चाचणी १९९९ पासून सुरू होती, आणि ती चालत होती फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतून. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शेकडो दवाखाने तीत सामील होते. २२,३०० स्त्रियांचे लक्ष्य होते. ५,६९२ स्त्रियांचे उपचार सुरू झाले असता २००२ मध्येच ती थांबविण्यात आली. तत्पूर्वी १९६८ मध्ये तेथील सुमारे १,४०० फॅमिली डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्यांच्या परिणामांचा अभ्यास आरंभिला. सुमारे ४६,००० स्त्रियांच्या नोंदी त्यांनी रोजची ओपीडी सांभाळून ठेवल्या. संशोधन हे केवळ मोठ्या रुग्णालयांचे काम, ही समजूत यातून खोटी ठरते.

आता आपल्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिका आमच्याकडे गरम वाफा व निद्रानाशासाठी आल्या. आम्ही औषधयोजना सांगितली. बाईंनी शांतपणे विचारले, “वैद्यराज, हे औषध आजवर किती जणींना दिलेत? कितींना उतार पडला, कितींना नाही?” आम्ही “पुष्कळांना गुण येतो” एवढेच बोलू शकलो. केसपेपरांचे गठ्ठे कपाटात होते, पण त्यांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. परत येणारी रुग्णा सांगते की बरे वाटते. जिला बरे वाटत नाही ती परत येतच नाही. आमचा ‘अनुभव’ तो केवळ परत येणाऱ्यांचा होता. त्यातच, हार्मोनच्या चाचण्यांत निरौषध गोळी घेणाऱ्यांच्या गरम वाफाही सरासरी निम्म्याहून अधिक कमी झाल्या होत्या. मग आमच्या औषधाचे श्रेय किती, हे आम्ही कशावरून ठरवावे?

चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली. आपण आप्तोपदेशावर थांबतो आणि प्रत्यक्षाची वही कोरी ठेवतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक रजोनिवृत्त रुग्णेसाठी एक पान राखावे : वय, पाळी थांबल्याचे वर्ष, प्रकृती, दिवसातील व रात्रीतील वाफांची संख्या, झोप, रक्तदाब, चालू असलेली अन्य औषधे, दिलेले कल्प, मात्रा व अनुपान. चौथ्या व बाराव्या आठवड्यास पुन्हा तीच मोजणी. न आलेल्या रुग्णेस दूरध्वनी करून तिचेही उत्तर लिहावे. औषधनिर्माते व दुकानदार बंधूंनी बिलावर बॅच क्रमांक न चुकता टाकावा आणि दुष्परिणामाचा संशय येताच आयुष मंत्रालयाच्या औषध-दक्षता केंद्राकडे कळवावे. एवढ्याने औषध सिद्ध होणार नाही, त्यास तुलनेचा गट लागेल; पण तुलना कशाची करावी हे तरी कळेल.

दोन पथ्ये मात्र आजपासूनच पाळावीत. हार्मोन घेत असलेल्या रुग्णेस ते आपल्या अधिकारात बंद करावयास सांगू नये. आणि रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास अशोकारिष्ट लिहिण्यापूर्वी तिला सोनोग्राफी व स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

आधुनिक वैद्यकाची चूक आधुनिक वैद्यकानेच मोजून उघड केली. आपल्या चुका मोजण्याचे साधन आपल्याकडे आज नाही, म्हणून त्या दिसत नाहीत. त्या नाहीत असे नव्हे. त्या बाईंचा प्रश्न पुन्हा कोणी विचारील, तेव्हा उत्तर देण्यास आपली वही उघडता यावी.