उकलतां येणारा सांधा

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास कपिलधार येथें श्रीमन्मथस्वामींच्या समाधीपाशीं यात्रेकरूंची दाटी होते. तेथें हस्तस्पर्शाची खूण या टोंकाकडून त्या टोंकास पोंचवावयाची झाल्यास माणसें खेटून उभीं असावीं लागतात. परंतु प्रत्येकाच्या हातीं लांब काठी असल्यास विरळ माणसांवरहि काम भागतें. विद्युद्वाहक सरसाचें रहस्य एवढेंच आहे.

लाख तापविली कीं मऊ होते व निवली कीं घट्ट बसते. कित्येक प्लॅस्टिकांचाहि हाच गुण आहे. मात्र त्यांतून वीज वाहत नाहीं. काजळी मिसळल्यास ती वाहूं लागते, पण बहुधा शेंकडा १० भागांहून अधिक काजळी घालावी लागते व तेवढ्यानें सरसाची पकड उणावते. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या १९९१ सालच्या निबंधानें कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांकडे जगाचें लक्ष वेधलें. केसाच्या सहस्रांशाहूनहि बारीक, पण जाडीच्या मानानें फार लांब, अशा या नळ्या म्हणजे यात्रेकरूंच्या काठ्याच होत. वितळलेल्या प्लॅस्टिकांत त्या जोरानें घोटून नीट विखुरल्या, तर शेंकडा १ भाग, क्वचित् त्याहूनहि कमी, पुरतो.

कोणी म्हणेल, तांब्यापुढें हा सरस दुबळा आहे. खरें आहे, मोठा प्रवाह त्यास पेलत नाहीं. पण त्याची थोरवी निराळी. एकदां पक्का झालेला इपॉक्सीचा सांधा तापवून वितळत नाहीं. हा मात्र ज्या उष्णतेनें जुळला तिनेंच पुन्हां उकलतो. शिसें-कथलाचा डाखहि उकलतो, परंतु त्यास १८३ अंश सेल्सियसची आंच लागते व ती पुष्कळ नाजूक भागांस सोसत नाहीं.

आमच्या बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. त्यांच्या कोपींतील सौर दिवा एका बारीक सांध्यापायीं बंद पडला आणि तो उघडतांच आला नाहीं, तर मुलाचा अभ्यास अंधारांत बुडतो. म्हणून आमचें मत असें कीं, वस्तु घडवितांना ‘किती दिवस टिकेल’ याबरोबरच ‘बिघडल्यास उकलेल काय’ हाहि प्रश्न विचारला जावा.

विद्यार्थिमित्रहो, या नळ्यांची कोरडी भुकटी श्वासावाटें अपाय करूं शकते. तिचे प्रयोग सुसज्ज प्रयोगशाळेंतच व्हावे. तुम्ही मऊ शिसपेन्सिलीनें कागदावर आंखूड, जाड रेघ ओढा, ९ व्होल्टच्या बॅटरीनें त्या रेघेंतून एक लहान एलईडी दिवा लावून पाहा. मग रेघ मध्येंच खोडा. दिवा कां विझला हें ज्यास कळलें, त्यास सांध्याचें मोल कळलें.