मानक नगरची कसोटी गर्भसंस्कारालाही लावा

लखनौच्या मानक नगरात भारतीय रेल्वेची ‘आरडीएसओ’ ही १९५७ साली स्थापन झालेली संशोधन-संस्था आहे. मानक म्हणजे प्रमाण, आणि नावाला साजेसेच काम तेथे चालते. नव्या घडणीचा डबा रुळांवर किती वेगाने धावू शकेल, हे त्याच्या निर्मात्याच्या शब्दावर ठरत नाही. डबा प्रत्यक्ष चालवला जातो, त्याची दोलने मोजली जातात आणि मगच वेगाचा दाखला मिळतो. निर्माता कितीही सज्जन असो, त्याची परंपरा कितीही जुनी असो, चाचणीतून कोणाचीही सुटका नाही.

त्याच शहरातील लखनौ विद्यापीठाने २०२० च्या फेब्रुवारीत ‘गर्भसंस्कार’ या विषयाचे प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम जाहीर केले. गर्भवतीचा आहार, पेहराव, वागणूक आणि तिने ऐकायचे संगीत यांचे शिक्षण त्यात असेल, असे तेव्हाच्या बातम्यांत म्हटले होते. आहाराच्या शिक्षणाला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या नावाने देशभर, आणि महाराष्ट्रात तर गल्लोगल्ली, विकल्या जाणाऱ्या एका दाव्याला: ठराविक मंत्र, ठराविक राग आणि ठराविक विचार यांनी गर्भाची बुद्धी घडवता येते. या दाव्याच्या पुष्ट्यर्थ अभिमन्यूची कथा सांगितली जाते. कथा म्हणून ती थोर आहे. पुरावा म्हणून ती शून्य आहे. आणि विद्यापीठ जेव्हा हे नाव पदविकेवर छापते, तेव्हा त्या दाव्यालाही नकळत शिक्का मिळतो.

गर्भाचा मेंदू प्रत्यक्षात कसा घडतो, हे आता पुष्कळसे ठाऊक आहे. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात पेशींचा एक सपाट पट्टा तयार होतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि त्या मिळून एक नलिका बनते. ही चेतानलिका साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. तिच्या आतल्या अस्तरातील मूळपेशी विभागत राहतात आणि त्यांतून चेतापेशी जन्माला येतात. जन्मस्थान एक, राहण्याचे ठिकाण दुसरे; म्हणून प्रत्येकीला प्रवास करावा लागतो. रेडियल ग्लिया नावाच्या पेशी आपले लांब तंतू आतल्या अस्तरापासून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत ताणून धरतात आणि नव्या चेतापेशी त्या तंतूंवरून वर सरकतात. आधी जन्मलेल्या खालच्या थरांत थांबतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. काही पेशी तर दूरच्या भागात जन्मून आडव्या वाटेने येतात. या प्रवासाला लागणाऱ्या ‘लिस-१’ सारख्या एका जनुकात बिघाड झाला, तरी मेंदूचा पृष्ठभाग वळ्यांविना गुळगुळीत राहतो आणि त्या बालकाला आयुष्यभर गंभीर अपंगत्व सोसावे लागते. प्रौढ माणसाच्या मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींची उभारणी अशा काटेकोर वेळापत्रकावर होते.

या वेळापत्रकात मंत्राचे स्थान कोठे? आवाजाला गर्भाचा प्रतिसाद साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यानंतर सातत्याने दिसू लागतो. मेंदूच्या बाह्यकातील बहुतांश चेतापेशींचा जन्म तोवर होऊन गेलेला असतो आणि बऱ्याच जणी आपापल्या थरात पोचलेल्याही असतात. त्यानंतर गर्भ काहीच शिकत नाही, असे मात्र नाही. नवजात बालक आईचा आवाज ओळखते, हे प्रयोगांनी १९८० मध्येच दाखवले आहे. परंतु आवाजाची ओळख वेगळी आणि श्लोकाचा अर्थ वेगळा. पहिलीवरून दुसऱ्यावर उडी मारणे म्हणजे डबा फलाटावर ढकलून पाहावा आणि ताशी दोनशे किलोमीटरचा दाखला मागावा, तसे आहे.

“ऐकले मंत्र, तर बिघडले काय?” असा प्रश्न हमखास येतो. मंत्राने किंवा संगीताने आईला शांत वाटत असेल, तर तिने ते अवश्य ऐकावे. बिघडते ते दुसरीकडे. चेतानलिका मिटते तो अठ्ठाविसावा दिवस येतो तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींना गर्भ राहिल्याचे ठाऊकही नसते. नलिका मिटली नाही, तर बाळाचा कणा दुभंगलेला राहतो, किंवा मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही. यातले पुष्कळ दोष टाळता येतात आणि त्याचे साधन अगदी स्वस्त आहे: फॉलिक आम्ल, तेही गर्भधारणेच्या आधीपासून.

या ज्ञानाचे एक मूळ मुंबईत आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही ब्रिटिश संशोधक गर्भवतींच्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी भारतात आली. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांचा आहार तिने तपासला आणि यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. आधीचे बाळ असा दोष घेऊन जन्मलेल्या १,८१७ स्त्रियांवर सात देशांत चाचणी झाली. कोणाला कोणती गोळी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे योगायोगावर सोडले होते. फॉलिक आम्लाने तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष १९९१ मध्ये निघाला. मानक नगरच्या कसोटीला उतरलेला गर्भसंस्कार तो हा.

आणि तोच देशात दुर्लक्षित आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या निदान शंभर दिवस घेतलेल्या माता देशात ४४.१ टक्के, तर उत्तर प्रदेशात सुमारे २२ टक्के. शिवाय या गोळ्यांचा नेहमीचा क्रम चौथ्या महिन्यापासून सुरू होतो. नलिका तोवर केव्हाच मिटलेली असते. गर्भधारणेपूर्वी फॉलिक आम्ल घ्यावे, ही शिफारस कागदावर आहे. नवविवाहितेच्या हातात गोळी मात्र क्वचितच पडते. तिच्या हातात पडते ते गर्भसंस्काराचे ॲप.

याहून क्रूर गोष्ट म्हणजे दोषाचे वाटप. बुद्धी आईच्या विचारांनी घडते, असे एकदा मानले की बाळातील प्रत्येक उणीव आईच्या विचारांची ठरते. जनुकातला बिघाड, आयोडीनची कमतरता, वेळेवर न टोचलेली रुबेलाची लस, हे सारे बाजूला पडते आणि सासरची बोटे एकाच बाईकडे वळतात.

भारतीय विज्ञानाला या विषयात सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा तोळे यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांच्या गर्भात दाखवले की, ‘एलएचएक्स-२’ हे जनुक अगदी सुरुवातीच्या ठराविक काळात काढून घेतले, तर बाह्यक होऊ घातलेल्या पेशी वेगळ्याच ऊतीचे रूप घेतात आणि शेजारच्या पेशींना स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस बनण्याचा आदेश देतात. मद्रास आयआयटीने २०२४ च्या डिसेंबरात मानवी गर्भाच्या मेंदूच्या ५,१३२ छेदांचा ‘धरणी’ हा संग्रह जगासाठी खुला केला. कोणताही विद्यार्थी तो विनामूल्य पाहू शकतो. अभिमानच बाळगायचा, तर या कामांचा बाळगावा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी गर्भसंस्काराच्या प्रत्येक वर्गाला चार साधे प्रश्न विचारावेत. बुद्धी म्हणजे काय मोजणार? कधी मोजणार? तुलना कोणाशी? आणि मोजणाऱ्याला कोणते मूल कोणत्या गटातले, हे ठाऊक असेल का? उत्तरे मिळाली, तर चाचणी करावी. निकाल अनुकूल लागला, तर तो आनंदाने स्वीकारावा. उत्तरे मिळेपर्यंत मात्र पदविका देऊ नये. लोखंडी डब्यासाठी जी सावधगिरी हा देश बाळगतो, तिच्यावर न जन्मलेल्या बाळाचा आणि त्याच्या आईचा हक्क अधिक आहे.