माल शिवू देतात, गल्ला नाही

आपल्यातलेच काही शिकलेले दोस्त हल्ली सभेत ठोकून देतात : मॉलमध्ये जात कोण विचारतो? टोपली घ्या, हवं ते उचला, पैसे द्या. बाजारानेच जात मोडली! टाळ्याही पडतात. मला ह्या टाळ्यांचा राग येतो.

आमच्या गावचा वाणी आमच्या आयांच्या ओच्यात वरून मीठ टाकायचा. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, तो पाणी शिंपडून उचलणार. तेव्हा फळीवरचा साबण हातात घेऊन बघता येणं ही साधी गोष्ट नाही, मान्य. पण तेवढ्यावर हुरळलेल्यांनी अमेरिकेतलं मेम्फिस जरा समजून घ्यावं. कारण ती टोपली तिथली.

६ सप्टेंबर १९१६ ला क्लॅरेन्स साँडर्सने मेम्फिसच्या जेफरसन अव्हेन्यूवर 'पिगली विगली' नावाचं किराणा दुकान काढलं. तोवर गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, माल पलीकडे, नोकर काढून देणार. साँडर्सने काउंटर उडवला, वस्तूंवर किमती लावल्या, गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली. कशासाठी? नोकरांचा पगार वाचवायला. समतेचा झटका आला नव्हता त्याला! आजची सुपरमार्केटं ह्याच दुकानाची पोरं.

पण त्याच मेम्फिसच्या वेशीवर, 'कर्व्ह' नावाच्या वस्तीत, १८८९ सालीच एक दुकान निघालं होतं. पीपल्स ग्रोसरी. काळ्या माणसांनी भागभांडवल जमवून काढलेलं. अध्यक्ष टॉमस मॉस, पेशाने पोस्टमन. वस्तीत तोवर एका गोऱ्या वाण्याची मक्तेदारी. त्याचं गिऱ्हाईक फुटलं. मार्च १८९२ मध्ये पोरांच्या गोट्यांवरून झालेल्या भांडणाचं निमित्त झालं. रात्री हत्यारबंद गोरे दुकानावर चालून गेले, आतून गोळ्या सुटल्या, तिघे गोरे जखमी. ९ मार्चच्या पहाटे मॉस, मॅकडॉवेल आणि स्ट्यूअर्ट या तिघांना तुरुंगातून ओढून नेलं आणि गोळ्या घालून मारलं. दुकानातला माल फुकापासरी त्याच वाण्याच्या घशात गेला.

मॉसची मैत्रीण आयडा बी. वेल्स. तिने आपल्या 'फ्री स्पीच' पत्रात लोकांना सांगितलं : हे शहर सोडा. हजारो गेले. ट्राम कंपनीचे साहेब तिच्या कचेरीत आले, काळे उतारू का घटले म्हणून विचारायला! (साल्यांना तेवढंच दिसलं.) ती लिहीत राहिली, तेव्हा मे महिन्यात तिची कचेरी फोडली.

गोऱ्याच्या दुकानात काळ्याने पीठ-मीठ घ्यायला कुणाची हरकत नव्हती. गल्ल्यावर काळा बसला तेव्हा बंदुका निघाल्या. आपल्या खैरलांजीत २००६ साली जे झालं त्याच्या मुळाशी शेत होतं, इथे दुकान.

हे ओळखलेलं आंदोलनही झालं. १९६६ पासून शिकागोत जेसी जॅक्सनच्या 'ऑपरेशन ब्रेडबास्केट'ने सुपरमार्केटांवर बहिष्कार घातले. १९६८ मध्ये 'ए अँड पी'सारखी बडी कंपनी वाकवली. मागण्या बघा : आमची माणसं कामावर घ्या; आमच्या कारखान्यांतला माल फळीवर मांडा; पैसा काळ्यांच्या बँकेत ठेवा. नुसती नोकरी मागून ते थांबले नाहीत. तिकडे नवा माल फळीवर मांडायचा तर कंपन्या दुकानदाराला रोख मोजतात. म्हणजे फळीलाही शेतासारखा मालक, आणि शेतासारखा खंड.

दुकान दुसऱ्याचं असलं की काय होतं ते बफेलो शहरात दिसलं. काळ्या वस्तीने वर्षानुवर्षं मागितल्यावर २००३ मध्ये तिथे 'टॉप्स'चं सुपरमार्केट आलं. रस्त्याचं नाव इथेही जेफरसन अव्हेन्यू. त्या भागात ते एकच. १४ मे २०२२ ला एका गोऱ्या वंशवाद्याने तिथे दहा काळी माणसं गोळ्या घालून मारली. काळे हमखास सापडतील अशी जागा त्याने हुडकून काढली होती. मग दुकान दोन महिने बंद. वस्ती मोफत धान्यवाटपाच्या रांगेत. एवढ्या माणसांना एकच दुकान, आणि ते कुठे काढायचं, कधी उघडायचं हे ठरवणारे दुसरेच.

१९७२ साली आपल्या पँथरने ओकलंडच्या ब्लॅक पँथर्सकडून नाव घेतलं. आता त्यांच्या मुलखातला हा हिशेबही घेऊ. पुढल्या बैठकीला येताना आपापल्या वस्तीतली दुकानं मोजून या. मालक कोण, गल्ल्यावर कोण, गोदामात पोती कोण वाहतो, झाडू कोण मारतो, उधारीच्या वहीत नावं कुणाची. कागदावर लिहून आणा, तोंडी चालणार नाही.