‘ती काय करी?’

मागच्या महिन्यात एका साखरपुड्याच्या निमित्ताने आम्ही शहाद्याला गेलो होतो. गोमाई ओलांडली की लोणखेडा. तिथे आमचे लांबचे आप्त राहतात, म्हणून दोन तास वाकडी वाट केली. त्या घरात सात वर्षांची मुलगी आहे. जन्मापासून तिला दिसत नाही. चहा आला तेव्हा आम्ही तिच्या आईला विचारले, "हिला चहा चालतो का हो?" तर पोरगी कोपऱ्यातून म्हणाली, "माले इचारा ना."

आम्ही ओशाळलो. इतकी वर्षे या पानातून लोकांना चार गोष्टी सांगतो, आणि आमचीच ही तऱ्हा!

मुलीचे वडील दोनदा शाळेत जाऊन आले होते. "आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत, घरीच सांभाळा," असे तोंडी सांगून त्यांना परत पाठवले. आजींचेही तेच मत. "पोरले दिसत नही, शाळामा जाईसन ती काय करी?" आजींच्या बोलण्यात माया होती, आणि खरी अडचण तीच आहे. रागाने दार लावणाऱ्याशी भांडता येते, मायेने लावणाऱ्याशी कसे भांडावे? तासाभरात ‘बिचारी’ हा शब्द आम्ही किती वेळा ऐकला, मोजले नाही. मात्र आजींची मिसरीची डबी फळीवरून काढून दिली ती याच बिचारीने, आणि रस्त्याने गेलेली मोटरसायकल कोणाची हेही घरात सर्वांच्या आधी तिनेच सांगितले.

मग आम्ही आजींना प्रांजल पाटीलची हकिकत सांगितली. उल्हासनगरची ही मुलगी. सहाव्या वर्षी वर्गातल्या मुलाच्या हातची पेन्सिल एका डोळ्याला लागली, पुढे दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. आईवडिलांनी तिला घरी बसवले नाही, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत घातले. ब्रेलचे ठिपके बोटांनी वाचायला ती तिथे शिकली. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स, मग दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकाच्या मदतीने तिने अभ्यास केला. 2016 साली लोकसेवा आयोगाच्या निकालात 773 वा क्रमांक आला आणि रेल्वेची लेखासेवा मिळाली. रेल्वेने मात्र शंभर टक्के अंधत्वाचे कारण दाखवून तिला घेतले नाही. परीक्षा उत्तीर्ण, नेमणूक नाही! ती गप्प बसली नाही. आपल्यावर झालेला अन्याय तिने उघडपणे बोलून दाखवला आणि परीक्षेला पुन्हा बसली. 2017 च्या निकालात क्रमांक 124. 2018 मध्ये केरळात एर्नाकुलमला सहायक जिल्हाधिकारी, 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी.

आजी म्हणाल्या, "ती हुशार व्हती." बरोबर आहे, सगळीच मुले कलेक्टर होणार नाहीत, डोळस तरी कुठे होतात? पण प्रांजलला परीक्षेला बसू दिले गेले, त्यामागेही कोणाचे तरी भांडण आहे. नागरी सेवा परीक्षा अंधांना ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन देता यावी, यासाठी अंधांच्याच राष्ट्रीय महासंघाला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. 1993 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

एक गोष्ट मुलीच्या आईसाठी म्हणून मुद्दाम सांगितली. मध्य प्रदेशात न्यायाधीशांच्या भरतीतून अंधांना वगळणारा नियम होता. एका अंध उमेदवाराच्या आईने थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि 3 मार्च 2025 रोजी तो नियम रद्द केला. मुलीची आई तोवर चुलीशी बसून ऐकत होती. ती उठून बाहेर आली आणि म्हणाली, "कागद आणू का?"

अर्ज तिच्याच हाताने लिहिला, आम्ही फक्त मजकूर सांगितला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की खास शाळा, ही निवड पालकांची, मुख्याध्यापकांची नव्हे. अर्जाची पोच घ्यायची. नकार द्यायचाच असेल तर लेखी द्या म्हणायचे. तोंडी ‘नाही’ फुकट असते हो, लेखी ‘नाही’ म्हणताना भल्याभल्यांचे पेन थांबते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अजून काढलेले नाही, त्यासाठी नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाची एक खेप करावी लागेल. वडिलांची त्या दिवसाची मजुरी बुडेल. ते काही बोलले नाहीत, फक्त कोणता वार ते विचारले.

निघताना आम्ही सवयीने मुलीच्या हातात खाऊसाठी दहाचे नाणे ठेवले. तिने ते बोटांनी चाचपले, "दहाचं शे," म्हणाली आणि आजींना विचारले, शाळेत पाटी लागते का.

आजींनी उत्तर दिले नाही. शाळेचे काय होते ते पुढे याच पानात कळवू.