तारापूरच्या मासळीचे आकडे मराठीत मांडा

छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात पैठणच्या नाथसागरातली मासळी मिळते, तशीच किनाऱ्यावरून बर्फात घालून आणलेली समुद्राची मासळीही. त्यामुळे तारापूर अणुवीज केंद्राशेजारच्या समुद्रात काय मिसळते, हा प्रश्न एकट्या पालघरचा राहत नाही. केंद्राची वीज राज्याच्या जाळ्यात येते. तिथल्या पाण्याची चौकशीही राज्याने करायला हवी.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, ५४० मेगावॉटच्या आणखी दोन २००५ आणि २००६ मध्ये. तपासणी होत नाही, असे नाही. अशा केंद्रांजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असतात आणि अणुभट्टी चालू होण्याआधीपासून त्या पाणी, गाळ, दूध, धान्य आणि मासळीचे नमुने घेतात. मासळीचे मांस वाळवून, जाळून त्याची राख मोजणी यंत्राखाली ठेवली जाते. दर सेकंदाला किती अणुकेंद्रके फुटतात, ते बेकरेलमध्ये मोजतात.

मासळीच का? सीझियम-१३७ शरीरात पोटॅशियमसारखे वागते आणि थेट स्नायूंत शिरते. समुद्राच्या पाण्यापेक्षा माशाच्या मांसात त्याचे प्रमाण सुमारे शंभरपट होऊ शकते, आणि समुद्रात पडलेले सीझियम-१३७ किरणोत्सारी क्षयाने निम्मे व्हायला सुमारे ३० वर्षे लागतात. कालवे पाणी गाळून खातात, म्हणून त्यांच्यात कोबाल्ट-६० साचते. पण पोटॅशियम-४० आणि पोलोनियम-२१० हे निसर्गातले किरणोत्सारी घटक तर प्रत्येक मासळीत असतातच. म्हणून ‘किरणोत्सर्ग सापडला’ किंवा ‘काहीच नाही’ या दोन्ही वाक्यांना अर्थ नाही. कोणता घटक, किती, हेच सांगावे लागते.

अणुऊर्जा नियामक मंडळाने सामान्य नागरिकासाठी किरणोत्सर्गाच्या मात्रेला वर्षाला एक मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली आहे. मंडळाच्या वार्षिक अहवालांत केंद्रांभोवतीची मात्रा या मर्यादेच्या बरीच खाली दिसते. ही चांगली बातमी आहे. मात्र वाचकाच्या हाती पडतो तो वर्षाचा एकत्रित हिशेब. दांडी, उच्छेळी, सातपाटीच्या कोळ्याला आपल्या बंदरातल्या पापलेटचा, बोंबलाचा, कोळंबीचा आकडा हवा असतो.

तिथे आणखी एक गुंता आहे. याच किनाऱ्यावर तारापूर औद्योगिक वसाहतीचे रासायनिक सांडपाणी उतरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत ही वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली, आणि मच्छीमार मांगेला समाजाच्या संघटनेला त्याआधीच राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले होते. मासळी घटली की बोट कुणाकडे दाखवायचे? उघड आकड्यांशिवाय रसायनांचे पाप अणुकेंद्राच्या माथी जाईल, किंवा अणुकेंद्राची चूक रसायनांच्या आड लपेल. दोन्हींत कोळ्याचेच नुकसान.

जपानने फुकुशिमानंतर, एप्रिल २०१२ पासून, अन्नातल्या सीझियमची मर्यादा किलोमागे १०० बेकरेल केली. फुकुशिमाच्या मच्छीमार संघटनेने स्वतःसाठी ती ५० ठेवली. मे २०२३ मध्ये अपघातग्रस्त केंद्राच्या बंदिस्त बंदरात किलोमागे १८,००० बेकरेलचा मासा सापडला, तोही आकडा जाहीर झाला. ब्रिटनमध्ये सेलाफील्डच्या अणुकेंद्राजवळ कोण किती मासे-शिंपले खातो याची पाहणी होते आणि तिच्यावर आधारलेला अहवाल दरवर्षी छापला जातो. १९९० च्या दशकात तिथल्या शेवंड्यांत टेक्नेशियम-९९ वाढले. नॉर्वेने ते मोजून तक्रार लावून धरली, आणि पुढे विसर्ग कमी करावा लागला.

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवले. त्या पापलेटचा तपशील दर तिमाहीला मराठीत यावा: बंदर, तारीख, मासळी, घटक, बेकरेल. नमुना घेताना मच्छीमार सहकारी संस्थेचा माणूस हजर असावा, आणि त्याच नमुन्याचा अर्धा भाग एखाद्या विद्यापीठात मोजला जावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांनी त्यासाठी पुढे यायला हरकत नाही.

जैतापूरला तर घाई आहे. तिथे १७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. साखरी नाट्याच्या समुद्रातल्या मासळीचे आजचे आकडे आताच नोंदवून गावासमोर ठेवावेत. अणुभट्टी सुरू झाल्यावर ही मूळ नोंद पुन्हा घेता येणार नाही, आणि नंतरच्या मोजणीची तुलना करायला गावाकडे काहीच उरणार नाही.